कोयता म्हणजे किती ओळी?

आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या मुकादमाच्या डायरीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी असेल तर अर्धा. दिवाळीच्या आगेमागे धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या भागातून टोळ्या निघतात, आणि गावात म्हातारी माणसं तेवढी उरतात. वीस कोयत्यांची टोळी म्हणजे चाळीस माणसं. डायरीत मात्र नावं वीसच, आणि तीही गड्यांची.

मी पुण्यात डेटाबेसचं काम करते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका संस्थेनं ऊसतोड कुटुंबांची यादी नीट लावून द्यायला सांगितलं. एक्सेलची एकच लांबलचक शीट होती: कोयता, गाव, तालुका, मुकादम, मुकादमाचा फोन, कारखाना, कारखान्याचा जिल्हा, हंगाम, उचल, मुलं. एका मुकादमाचा नंबर बदलला होता. त्याच्या नावाच्या चाळीस ओळींपैकी एकतीस ओळींत नवा नंबर भरला गेला, नऊ ओळींत जुनाच राहिला. फडावर एक मूल तापानं फणफणलं, तेव्हा कार्यकर्त्यानं नेमका त्या नऊंपैकी एका ओळीतला नंबर लावला. फोन लागला तो भलत्याच माणसाला.

एक माहिती एकाच जागी राहील अशी टेबलांची मांडणी, म्हणजे नॉर्मलायझेशन, हा विषय कॉलेजात मी पाठ केला होता. तो कळला तो या नऊ ओळींमुळे.

आयबीएममधले एडगर कॉड यांनी १९७० साली या मांडणीचा पाया घातला. दुसरा आणि तिसरा नॉर्मल फॉर्म त्यांनीच लगोलग सांगितला. पुस्तकात व्याख्या जड असतात. मी त्यांच्याकडं एका प्रश्नासारखं बघते: ही माहिती नेमकी कोणाची? मुकादमाचा फोन मुकादमाचा आहे, मजुराचा नाही. म्हणून तो मुकादमांच्या टेबलात एकदाच लिहायचा आणि मजुराच्या ओळीत फक्त मुकादमाचा क्रमांक ठेवायचा. आमच्या शीटमध्ये ओळ ओळखायला कोयता आणि हंगाम दोन्ही लागत. उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे, या दोन्हींची, कारण ती दर हंगामाला वेगळी. पण गाव हंगामागणिक बदलत नाही. ते हंगामाच्या ओळीत कशाला? हा झाला दुसरा फॉर्म. तालुका तर कुटुंबाचाही नाही, गावाचा, जिल्हा कारखान्याचा. हा तिसरा. शिवाय हंगाम संपल्यावर कुणी जुन्या ओळी पुसल्या की त्यांच्याबरोबर मुकादमही यादीतून जायचा, कारण त्याला स्वतःची जागाच नव्हती.

चौथा फॉर्म रोनाल्ड फेगिन यांनी १९७७ मध्ये मांडला. त्याचं इतकं चोख उदाहरण मला पुण्यात कधी सापडलं नव्हतं. गाडीवानांच्या यादीत मुलं आणि बैल एकाच टेबलात होते. तीन मुलं, दोन बैल. प्रत्येक मुलापुढं प्रत्येक बैल लिहिलेला, म्हणजे सहा ओळी. मुलाचा बैलाशी काही संबंध नाही. दोन्ही एका घरचे, एवढंच. चौथं मूल झालं तर आणखी दोन ओळी, आणि एक बैल विकला तर चार ठिकाणी खोडायचं.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली. तोडणीचा दर टनामागं सगळ्यांना सारखा दिसला, म्हणून मी तो प्रत्येक हिशेबातून काढून एकाच जागी ठेवला. जानेवारी २०२४ मध्ये दरात ३४ टक्के वाढ ठरली. मी आकडा बदलला आणि मिटलेल्या हंगामांचे हिशेबही नव्या दरानं वाढून बसले. कुणाचं देणं किती उरलं, ते सगळंच खोटं दिसायला लागलं. दर त्या त्या हंगामाचा होता, तो तिथंच लिहायला हवा होता. सारखे दिसणारे दोन आकडे एकच गोष्ट सांगतात असं नाही. नवीन मुलांना शिकवताना मी आता याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवते.

पण खरी अडचण त्याच्याही आधीची, पहिल्या फॉर्मची. एका रकान्यात एकच गोष्ट असावी, एवढं साधं मागणं. आणि आमच्या शीटचा पहिलाच रकाना होता ‘कोयता’. त्यात दोन माणसं कोंबलेली. बाईचं वय, तिचं दुखणं, तिचं बाळंतपण, यातलं काही लिहायचं म्हटलं तर जागाच नाही, कारण तिची ओळच नाही. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या कामात जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. हा आकडा हाती आला, कारण तेव्हा बाया एकेक करून मोजल्या. कोयते मोजले असते तर तो कधीच दिसला नसता.

म्हणून मी माणसांचं टेबल वेगळं केलं, बाईला तिची ओळ दिली, आणि जोडीचं टेबल वेगळं ठेवलं. उचल कुठं लिहायची यावर मात्र बरेच दिवस अडले. घेतो नवरा, फेडतात दोघं. शेवटी ती जोडीपुढं लिहिली.

पाटोद्याकडच्या एका गावात यादी तपासायला बसलो, तेव्हा एका बाईनं स्वतःचं नाव दाखवायला सांगितलं. दाखवलं. ती म्हणाली, “आन् उचल?” मी दुसरं टेबल उघडलं.

“ह्यात बी मी हाय?”

“आहे की, मावशी.”

ती थोडा वेळ स्क्रीनकडं बघत राहिली. “मंग घेतानी मला बी इचारायला पायजे व्हतं.”

त्या रात्री उचलीच्या टेबलात मी एक रकाना वाढवला: पैसे घेताना कोण कोण हजर होतं.