सरोवरातील रंगमंच

ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंड या तीन देशांचे काठ लाभलेल्या कॉन्स्टन्स सरोवराच्या पूर्व टोकाला ब्रेगेंझ हे छोटेसे ऑस्ट्रियन शहर वसले आहे. महायुद्ध संपून जेमतेम वर्ष झाले होते आणि शहराला स्वतःचे नाट्यगृह नव्हते. तेव्हा १९४६ साली खडी वाहणारे दोन पडाव पाण्यात उभे करण्यात आले. एकावर मोझार्टची संगीतिका रंगली, दुसऱ्यावर वादक बसले.

आज काठावर सुमारे ७,००० प्रेक्षक बसतात. पाण्यातील नेपथ्य इतके अवाढव्य असते की एकच संगीतिका लागोपाठ दोन उन्हाळे चालते. खर्चाचा भार दोन हंगामांत विभागण्याचा हा व्यवहार कोणत्याही पेढीला पटावा. २०२६ च्या जुलैत, आपल्याकडे चातुर्मासाचा प्रारंभ होतो त्या सुमारास, तेथे वेर्दीच्या ‘ला त्राव्हियाता’चा पहिला उन्हाळा सुरू होईल. मुलीचे जुळलेले लग्न मोडू नये म्हणून एक पिता आपल्या मुलाच्या प्रेयसीपाशी त्याग मागतो. हे कथानक व्यापारी घरांना फारसे परके नाही.

धास्ती असते ती पावसाची. व्हिएन्ना सिम्फनीचे वादक शेजारच्या नाट्यगृहात छपराखाली बसतात. त्यांचे सूर ध्वनिक्षेपकांतून काठावर पोहोचतात. गायक मात्र रिमझिमीत भिजत गातात. छत्री उघडल्यास मागच्याला काही दिसत नाही, म्हणून प्रेक्षकही रेनकोट पांघरूनच बसून राहतात.