आक्काचा डोंगर

मराठीत ‘दुरून डोंगर साजरे’ आणि कन्नडमध्ये ‘दूरद बेट्ट नुण्णगे’. आपल्या सीमाभागातल्या घरांत दोन्ही म्हणी एकाच तोंडून ऐकू येतात. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला तर त्या सल्ला म्हणूनच ऐकवल्या जातात. आता घरी बसा, नातवंडं सांभाळा, जमलंच तर देवळापर्यंत चाला! माझ्या आक्काने मात्र हा सल्ला मानला नाही.

आक्का आज ५८ वर्षांची आहे. आमचं माहेर खानापूर तालुक्यातलं, सह्याद्रीच्या कुशीतलं. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन ती सुरतला गेली. दाजी पांडेसऱ्यात कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये कामाला, घर उधन्यात. शेजारीपाजारी खानदेशी मंडळी, त्यामुळे मराठी सुटली नाही, गुजरातीही आली. पण तापीकाठचं ते शहर सपाट. “इथं नजर कुठं अडतच नाही गं,” असं ती पत्रात लिहायची.

दाजी निवृत्त झाले आणि दोघांनी ठरवलं, महिन्यातले आठ-दहा दिवस सापुताऱ्याला काढायचे. डांग जिल्ह्यातलं सापुतारा म्हणजे गुजरातचं नावाजलेलं थंड हवेचं ठिकाण, उंची सुमारे १००० मीटर. सुरतहून एस.टी.ने वघईमार्गे चार-पाच तास. पायथ्याच्या एका खेड्यात त्यांनी भाड्याने खोली घेतली.

घरात वादळ उठलं. सूनबाई नोकरीवाली, नातू सहा वर्षांचा. भाचा म्हणाला, “आई, पडलीस तर? रात्री-अपरात्री छातीत दुखलं तर?” त्याचं काही चुकत नव्हतं. दाजींना साखर, आक्काचे गुडघे कुरकुरणारे. शेवटी आक्काने सगळ्या तपासण्या करून घेतल्या, डॉक्टरांचा होकार आणला आणि म्हणाली, “वीस दिवस मी तुमची, दहा दिवस माझी. सुट्टीत नातूही माझ्याबरोबर येईल.”

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले. पहाटे साडेपाचला ती काठी घेऊन तयार! हातगड तिथून पाच-सहा किलोमीटरवर, पण नाशिक जिल्ह्यात. म्हणजे राहायचं गुजरातेत आणि गड चढायचा महाराष्ट्रात. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा डांग गुजरातेत गेला. बोलीत मात्र मराठी, गुजराती, खानदेशी अशी सरमिसळ राहिली. वाटेतल्या मावशींशी आक्का अशी बोलत होती, जशी आपण बेळगावच्या बाजारात बोलतो. अर्धं वाक्य एका भाषेत, अर्धं दुसऱ्या. दम लागला की पायऱ्या मात्र कन्नडमध्ये मोजायची, “ओंदु, एरडु, मूरु...” शाळेतली सवय!

मी ४६ वर्षांची, दिवसभर वर्गात उभी राहणारी. तरी ती पुढे आणि मी मागे. तिने मला दोन गोष्टी शिकवल्या. चढताना बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचं. आणि उतरताना जास्त जपायचं, कारण चढण दमवते ती श्वासाला, उतरणीचा भार येतो मांड्यांवर आणि गुडघ्यांवर. म्हणून छोटी पावलं आणि हातात काठी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आक्काचा तो हिशेब डोंगरात दोन-तीन दिवसांतच पुरा होतो.

दुपारी नागलीची भाकरी. नागली म्हणजे आपली नाचणी, कर्नाटकात रागी. १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असलेलं हे धान्य आई लहानपणी आंबील करून पाजायची. “नाव बदललं, चव तीच,” दाजी म्हणाले.

संध्याकाळी तलावाकाठी आक्का म्हणाली, “सह्याद्री इकडं उत्तरेला सुरू होतो ना? मग हा आपलाच डोंगर. त्याचं एक टोक मी सोडलं होतं, दुसरं मला इथं सापडलं.” भूगोलाच्या पुस्तकात हे मीही वाचलं होतं. तापीच्या दक्षिणेला निघालेली ही रांग आपल्या खानापूरवरून पुढे केरळापर्यंत जाते. पण ते असं कुणाच्या जगण्यात उतरलेलं मी प्रथमच पाहिलं.

आपल्याकडच्या बायकांची पन्नाशी बहुधा दुसऱ्यांच्या वेळापत्रकात संपते. प्रत्येकीला सापुतारा जमणार नाही. पण जांबोटीचं रान आहे, येळ्ळूरचा राजहंसगड आहे, चंदगडचे डोंगर आहेत. आधी डॉक्टरांना विचारावं, सोबत घ्यावी, पायांत चांगले बूट घालावेत आणि निघावं.

भाचा अजूनही रोज रात्री आठला फोन करतो, “आई, ठीक ना?” तो काळजी करतो, ती डोंगर चढते. दोन्ही चालू राहावं, दोन्हींत मायाच आहे.