फळीची दोन टोकं

मास्तरांनी आम्हाला एकच कायदा दिला, आणि तोसुद्धा फळीच्या दोन टोकांपुरता. फळी म्हणजे आमच्या छोट्या रेल्वेचा एक तुकडा. चार फूट लांब, दोन फूट रुंद प्लायवुडचा खोका आणि त्यावर रूळ. बाकी डोंगर, शेत, स्टेशन, ज्याला जे हवं ते. घरोघरी बनवलेल्या फळ्या वर्षातून एकदोनदा एखाद्या हॉलमध्ये आणायच्या, जोडायच्या आणि दिवसभर गाड्या चालवायच्या. युरोपात फ्रेमो नावाची मंडळी हे १९८१ पासून करत आली आहेत. कल्पना तिकडचीच, मास्तरांनी ती पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरांना बसवली.

पुण्यात या छंदाचं नाव काढलं की कोथरूडचं भाऊसाहेब जोशींचं संग्रहालय आठवतं. १९९८ मध्ये ते सुरू झालं आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांना हा किडा तिथेच चावला. तिथलं इवलंसं शहर एका माणसाच्या ध्यासातून उभं राहिलेलं. ते बघून घरी आलं की पहिला विचार येतो, आपल्याकडे एवढी जागा कुठली? पुणे-मुंबई १९२ किलोमीटर. एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्येसुद्धा, ते अंतर २.२ किलोमीटर भरतं. मास्तर म्हणायचे, ‘‘तू चार फूट कर की. बाकीचे आम्ही आहोत.’’

मास्तर म्हणजे खरेच स्टेशन मास्तर. सोलापूर विभागातल्या लहान-मोठ्या स्टेशनांवर नोकरी करून निवृत्त झालेले आणि मुलाकडे पुण्याला आलेले. आवाज खणखणीत, अक्षर त्याहून. त्यांचा कायदा एका पानात मावायचा. टोकाला रूळ फळीच्या बरोबर मध्यावर आणि काठाशी काटकोनात. जमिनीपासून रुळाच्या माथ्यापर्यंत उंची एक मीटर. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. दोन बोल्टांची भोकं ठरल्या जागी. आणि तारा. या तारांमध्येच त्यांचं डोकं दिसतं.

रूळ दोन, म्हणून तारा दोन. सुरुवातीला आम्ही एक लाल आणि एक काळी असं करत होतो. एखादी फळी उलट्या बाजूने लावली की लाल काळीला भिडायची, शॉर्ट व्हायचं आणि दुपार त्यातच जायची. मास्तरांनी रंग काढूनच टाकले. टोकाशी बाहेर तोंड करून उभं राहायचं. उजव्या हाताच्या रुळाच्या तारेला पिन, डाव्या हाताच्या रुळाच्या तारेला सॉकेट. मग दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा तसंच. आता दोन फळ्या समोरासमोर आल्या की एकीचा उजवा रूळ दुसरीच्या डाव्याला मिळतो आणि पिन आपोआप सॉकेटसमोर येते. फळी गरकन फिरवून लावली तरी तेच. चूक करायची म्हटलं तरी करता येत नाही, कारण पिनेत पिन जात नाही. तपकीर गल्लीत मिळणाऱ्या साध्या बनाना पिना आणि सॉकेट, एवढाच खर्च.

भोकांसाठी त्यांनी एक पितळी पट्टी करून घेतली होती. ती फळीच्या टोकावर ठेवायची, भोकं आखायची, वरच्या दोन खाचांत रूळ बसवायचे आणि काठाशी आवळलेल्या पितळी स्क्रूंच्या माथ्यावर डाख द्यायचा. पट्टी या घरातून त्या घरात फिरायची. नवीन माणसाची फळी आली की मास्तर विंग नट आवळायचे आणि सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचे, आधी एका रुळावर, मग दुसऱ्या. नख अडलं की नट थोडा सैल, फळीला हाताच्या टाचेने हलकी थाप, पुन्हा नख. डब्याच्या चाकाची कड मिलिमीटरभर असते. अर्ध्या मिलिमीटरची पायरी तिला रुळावरून उतरवायला पुरते. डोळ्यांना दिसत नाही ते नखाला कळतं. त्यांच्याकडून शिकलेल्या गोष्टींपैकी मी रोज वापरतो ती ही.

टोकांच्या मधल्या साडेतीन-चार फुटांत मात्र ते ढवळाढवळ करत नसत. विचारलं तरच बोलत. शाळकरी पोर आलं की त्यांचा पहिला प्रश्न, ‘‘दिवाळीत किल्ला करतोस का?’’ करत असेल तर निम्मं काम झालं. पोत्यावर चिखल थापायचा, अळीव पेरायचं, चढावर वाट काढायची, हे ज्याच्या हाताला माहीत आहे त्याला थर्माकोलवर प्लास्टर चढवून रंगवलेला भुसा पेरायला शिकवावं लागत नाही.

आमच्यातल्या एका प्राध्यापकांना १६.५ मिलिमीटर मान्य नव्हतं, आणि हिशेबाने त्यांचंच खरं होतं. हे अंतर ८७ पट केलं की १४३५ मिलिमीटर होतं, म्हणजे युरोप-अमेरिकेचा गेज. आपली ब्रॉडगेज १६७६ ची, तिला १९.३ मिलिमीटर हवेत. बाजारात मिळणाऱ्या रुळांवर आपलं डब्ल्यूडीएम-२ इंजिन उभं केलं की ते पाय जवळ घेऊन उभं असल्यासारखं दिसतं. यावरून दोन बैठका गाजल्या, चहा गार झाला. मास्तरांनी शेवटी विचारलं, ‘‘टोकाला किती ठेवताय?’’ प्राध्यापक म्हणाले, टोकाला १६.५ ठेवीन. ‘‘मग आत काय वाटेल ते करा.’’ त्यांच्या फळीवर आज एक खराखुरा १९.३ चा शेड आहे, स्वतः वाकवलेल्या रुळांचा. त्यावर कुठलीच गाडी चालत नाही आणि सगळ्यात जास्त गर्दी तिथेच होते.

मास्तरांची स्वतःची फळी कुर्डुवाडीची. वडील तिथल्या नॅरोगेजच्या कारखान्यात होते. बालपण बार्शी लाइटच्या शिट्टीवर गेलेलं. ती लाइन तेव्हा ७६२ मिलिमीटरची. बाजारातला एन गेजचा रूळ ९ मिलिमीटरचा असतो. ८७ पट केला की ७८३. फरक डोळ्यांना कळत नाही, त्यामुळे कुर्डुवाडीचे दोन्ही गेज त्यांना तयार रुळांत मिळाले. बार्शी लाइट बांधणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा त्यांचा देव. १८९७ मध्ये ही लाइन सुरू करताना त्याने एक गोष्ट पक्की धरली होती: कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. तेवढं पाळलं की हलके रूळ पुरतात, आणि वर लांबलचक डबे, बळकट इंजिनं, हवं ते घेता येतं. आषाढीला पंढरपूरची गर्दी त्याच अरुंद रुळांवरून गेली. मास्तर हे इतक्यांदा सांगत की आम्ही त्यांना ‘पाच टन’ म्हणायचो. त्यांच्या माघारी, अर्थात.

कायदा बदलायला ते तयार नसत असं नाही. आमच्यातल्या एक आर्किटेक्ट ताई भोर घाट करायला निघाल्या. चढ खराखुरा, ३७ ला १. पुलाखालच्या रुळावरून गाडी जायला साडेसात सेंटिमीटर तरी मोकळे हवेत, म्हणजे पावणेतीन मीटर नुसता चढ. दोन फळ्यांत साडेसहा सेंटिमीटरच चढता येतं. बरं, चढलेली फळी दुसऱ्या टोकाला एक मीटरवर कशी येणार? मास्तर आठवडाभर गप्प होते. मग सुताराकडून साडेसहा सेंटिमीटरचे ठोकळे कापून आणले आणि पानावर एक ओळ वाढवली: चढ असेल तर उंची टोकावर लिहावी, पुढच्या फळ्यांच्या पायांखाली ठोकळे द्यावेत. ताईंनी मग पूल सोडला आणि नुसता चढ केला. मला तो पुलापेक्षा आवडतो. मालगाडीला मागून दुसरं इंजिन लावलेलं असतं आणि दोन्ही चालवणाऱ्यांना एकमेकांचा अंदाज घेत जावं लागतं.

फळ्या जोडून झाल्या की मात्र मास्तर पूर्ण मास्तर व्हायचे. गाडी गोल गोल फिरवणं त्यांना बघवत नसे. प्रत्येक स्टेशनाला एक माणूस, एक वही, एक जुना इंटरकॉम. पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय स्टार्टर सिग्नल पडणार नाही. वहीत वेळ लिहायची, खाडाखोड चालणार नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुली आणि सत्तरीतले आजोबा एकमेकांना ‘‘डाउन पॅसेंजर, लाइन क्लिअर देता का?’’ विचारत असत, आणि समोरून ‘‘थांबा, शंटिंग चालू आहे’’ असं ऐकून निमूट थांबत. खेळणं आणि रेल्वे यांत फरक कुठे पडतो असं मला कुणी विचारलं, तर मी या थांबण्याकडे बोट दाखवीन.

मास्तर गेल्या वर्षी गेले. आजार फार लांबला नाही. पितळी पट्टीच्या आता तीन प्रती आहेत, प्राध्यापकांनी लेथवर करून दिलेल्या. मूळ पट्टी कुर्डुवाडीच्या फळीबरोबर मास्तरांच्या घरी आहे. फळ्या वाढताहेत, नाशिकहून आणि कोल्हापूरहून येताहेत. आणि टोकांवरून नवा वाद सुरू झाला आहे. आता बहुतेक इंजिनं डीसीसीवर आहेत, म्हणजे प्रत्येक इंजिनाला आपापला पत्ता आणि एकाच रुळावर दोन गाड्या वेगवेगळ्या चालवता येतात. त्यासाठी हातातले कंट्रोलर जोडणारी आणखी एक तार सगळ्या टोकांना असावी, असं तरुण मंडळींचं म्हणणं. मी विरोधात आहे. मोबाइलवरून गाडी चालवता येते, तार कशाला? टोकाला एक वस्तू वाढली की नवशिक्याची फळी एक महिना लांबते. ते म्हणतात, भरल्या हॉलमध्ये वायफाय दगा देतं, आणि यात तथ्य आहे.

कायदा बदलायचा तर मत कुणाला, हेही मास्तर लिहून गेलेत: ज्याची फळी मागच्या जोडणीत चालली, त्याला. त्या हिशेबाने कुर्डुवाडीचं मत त्यांच्या नातीचं. ती तारेच्या बाजूने आहे, आणि मागच्या रविवारी तिने मला फोनवर अर्धा तास समजावलं.