पावणेसहाचा लाल दिवा

वाचकहो, पहाटे पावणेसहाला रिकाम्या चौकातील लाल दिव्यापाशी आपण कधी एकटेच थांबला आहात काय? मी थांबत नसे.

चोपन्नाव्या वर्षी रक्तातील साखर वाढल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला व्यायामही लिहून दिला. मी माळ्यावरची सायकल उतरवली. पुणे एकेकाळी सायकलींचे शहर होते. माझ्या शाळकरी वयात सायकलीला महापालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातील हवा सोडीत आणि डबलसीट दिसले की दोघांनाही खाली उतरवीत. आता तसे काही उरलेले नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या वाहनांचा. सायकलीला ना परवाना, ना नंबरप्लेट. कॅमेऱ्याने टिपले तरी चलान धाडणार कोणाला? या मोकळीकीचा मी मनसोक्त उपभोग घेत होतो आणि घरी परतल्यावर चहा पिताना मोटारवाल्यांच्या बेशिस्तीवर तावातावाने बोलत होतो.

एका सकाळी टिळक रस्त्यावरील एका चौकात दिवा लाल होता. उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले. एकही वाहन नव्हते. मी पायडल मारले. काठी टेकत रस्ता ओलांडणारे आजोबा मला दिसले तेव्हा ब्रेक दाबण्यास फार उशीर झाला होता. ते हातावर पडले. मनगट मोडले.

मी वाहने शोधली होती, माणूस शोधलाच नव्हता.

त्यांना रुग्णालयात नेले, प्लास्टर होईपर्यंत बसून राहिलो, पुढे दर रविवारी त्यांच्या घरी जात राहिलो. त्यांनी मला एकदाही रागावून विचारले नाही. ते रागावते तर सोपे गेले असते. तिसऱ्या की चौथ्या रविवारी ते एवढेच म्हणाले, "अहो, मला आता नीट दिसत नाही. मी गाडीचा आवाज ऐकून रस्ता ओलांडतो. तुमचा आवाजच आला नाही."

सायकलीचा जो नि:शब्दपणा मी गुण म्हणून मिरवत होतो, त्याची ही दुसरी बाजू मला कधी सुचली नव्हती. तेव्हापासून मी घंटी वाजवतो. पूर्वी ती मला पोरकट वाटे.

तरीही सायकलस्वार आणि मोटारचालक यांचा अपराध मी एकाच तराजूत तोलणार नाही. स्वारासह ऐंशी किलोची सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने जात असेल आणि बाराशे किलोची मोटार ताशी ५० च्या वेगाने, तर मोटारीची गतिज ऊर्जा दीडशे पटींहून अधिक भरते. त्याच चौकात माझ्या जागी मोटार असती, तर रविवारी मी कोणाला भेटायला गेलो असतो? या हिशेबाने थोडे हायसे वाटते, हे कबूल करतो. पण आजोबांना त्या हाताने आजही पाण्याचा तांब्या उचलवत नाही, आणि तिथे गणिताचा काही उपयोग होत नाही.

आपल्या घरी मोटार असेल, तर एक विनंती. चालकाच्या आसनावरून उतरताना दार उजव्या हाताने न उघडता डाव्या हाताने उघडून पाहा. खांदा आपोआप वळतो, मान मागे जाते आणि मागून येणारा सायकलस्वार दिसतो. अचानक उघडलेल्या दाराला चुकवताना मी दोनदा बसच्या पुढ्यात जाता जाता वाचलो आहे. मुलांनाही मागच्या आसनावरून शक्यतो पदपथाच्या बाजूनेच उतरवावे.

साखर आता आटोक्यात आहे. तो चौक रोज वाटेत लागतो. दिवा लाल असला की मी डावा पाय पदपथाच्या कडेवर टेकवून उभा राहतो. मागून एखादा दुचाकीस्वार हॉर्न वाजवतो, मग माझ्या बाजूने वळसा घालून निघून जातो. जाताना बहुधा वळून पाहतो, की या गृहस्थाची सायकल बिघडली आहे की काय.