आमचे डॉक्टर

आमचे फॅमिली डॉक्टर एल.सी.पी.एस. होते, म्हणजे १९१२ साली मुंबईत निघालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सचे पदविकाधारक. समोरच्या एम.बी.बी.एस.पुढं ही अक्षरं जरा बारकीच दिसत. पण बाक भरलेला असे तो यांचा! नाडीवर बोटं ठेवून ते आधी घरची चौकशी करीत.

अण्णा रिटायर झाले आणि त्यांची भूकच गेली. डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबलं, कंपाउंडरकडून डोसाची पट्टी चिकटवलेली गुलाबी मिक्श्चरची बाटली देवविली. मग म्हणाले, "अण्णा, उद्यापासून सकाळी इथं बसून पेशंटांना नंबर देत चला. आमचा कंपाउंडर हिशेबात कच्चा आहे हो."

अण्णा ११ वर्षं बसले. बाटली फळीवर भरलेलीच राहिली. तिचे दोन रुपये मात्र डॉक्टरांनी सोडले नाहीत.