रेच्याची धूळ

पुण्यातल्या कॅफेंमध्ये हल्ली भिंतीचा गिलावा मुद्दाम उडवलेला असतो. विटा दिसायला हव्यात, गंज दिसायला हवा... त्यानं म्हणे 'लुक' येतो! हाच लुक अस्सल बघायचाय? मग शेगावला उतरा, गरमागरम कचोरी हाणा आणि खामगावची एसटी पकडा. बुलढाणा जिल्ह्यातलं हे माझं आजोळ.

आज खामगाव चांदीसाठी ओळखतात, पण गाव वाढलं ते कापसावर. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडातल्या पांढऱ्या सोन्याचा भाव कडाडला. त्याच कापसासाठी पुढे जलंबहून जेमतेम १३ किलोमीटरचा रेल्वेफाटा आला. १८७० साली उद्घाटनाला कोण? चक्क व्हाइसरॉय लॉर्ड मेयो!

मी ग्राफिक डिझायनर. गेल्या दिवाळीत स्केचबुक घेऊन एका बंद जिनिंगच्या आवारात शिरले. पत्रे खाली आलेले, वजनकाट्याच्या चौकटीला वेल, भिंतीवर 'बिडी ओढू नये' ही पुसट अक्षरं. असला फॉन्ट कुठे मिळणार? तासाभरात पाच पानं भरली.

''काय काढून राहिल्या मॅडम? रेचे तं कधीच भंगारात गेले,'' मागून राखणदार काका. मग रिकाम्या शेडमध्ये हात फिरवत त्यांनीच दाखवलं... इथे बायका ओळीनं बसायच्या, रेच्यात कापूस सारायच्या. इकडून सरकी, तिकडून रुई. नाकातोंडात धूळ, अन् रात्रभर खोकला.

माझी आजी अशाच एका जिनिंगमध्ये होती. तिच्या खोकल्याला घरात सगळे 'म्हातारपणचा दमा' म्हणायचे.

गंज देखणा असतो, मान्य. पण त्यातून माणूस वगळला की उरतो कॅफेचा वॉलपेपर. म्हणून मला सुधीर पटवर्धन आवडतात. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करता करता त्यांनी कामगारांचं शहर रंगवलं. गिरणगाव बदलत असतानाचं त्यांचं 'लोअर परळ' २००१ चं. जमलं तर बघाच.

माझ्या त्या पाच पानांवर सध्या बायकांची ओळ चढतेय. बसण्याची ढब जमलीय, हात जमत नाहीत. काकांनी तेव्हाच्या दोघींची घरं सांगून ठेवलीत. एकीला ऐकू कमी येतं, जरा मोठ्यानं बोला म्हणाले. पुढच्या सुट्टीत आधी तिच्याकडे.