आवाज बंद करून बघू नये

शाहूवाडीत पाऊस लागला की ग्राऊंड संपतं, आणि नेमकी त्याच दिवसांत शालेय फुटबॉलची जिल्हा फेरी येते. हा योग दरवर्षी न चुकता जुळतो. आमच्या शाळेचं ग्राऊंड म्हणजे तांबडी माती. जूनमध्ये तिचा जो चिखल होतो तो थेट गणपतीपर्यंत. बॉलला लाथ घातली की बॉल जातो तीन फूट आणि घालणारा जातो सहा फूट.

तर मंडळी, मी गणिताचा मास्तर. फुटबॉल माझ्याकडे आला तो 'तुम्ही कोल्हापूरचे ना, मग तुम्हीच बघा' या न्यायाने. आता कोल्हापूरचा आहे हे खरं. लहानपण मंगळवार पेठेत गेलं, त्यामुळे शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून घसा फोडण्याचा अनुभव दांडगा. पण शिकवण्याचा अनुभव शून्य. तरी गेली काही वर्षं मी सतरा वर्षांखालच्या पोरांना घेऊन सुब्रतो चषकाला जातो. ही स्पर्धा १९६० पासून चालू आहे. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत पोरं दिल्लीपर्यंत जातात. जातात म्हणजे इतर शाळांची. आम्ही जिल्ह्याच्या पहिल्या-दुसऱ्या सामन्यात हरतो आणि येताना बांबवड्यात वडापाव खाऊन घरी येतो.

गेल्या वर्षीही तेच झालं. शहरातल्या एका शाळेबरोबर शेवटच्या आठ-दहा मिनिटांपर्यंत शून्य-शून्य होतं. मग त्यांचा डावीकडचा पोरगा आमच्या उजव्या बाजूने सुसाट आला, तिथे कुणीच नव्हतं, आणि गोल. आमचा राईट बॅक, दोन नंबरचा शर्ट (नाव लिहीत नाही, पोर शाळेतलं आहे), जागेवर नव्हता. परत येताना वडापमध्ये मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दोन नंबर जागेवर असता तर आज आपण बरोबरीत होतो." तो काही बोलला नाही. खिडकीतून बाहेर बघत राहिला. त्यानंतर तो फुटबॉलला आला नाही. शाळेत यायचा, वर्गात बसायचा, पण सरावाला नाही. मला वाटलं, पोराला चूक लागलीय मनाला, येईल महिन्याभरात. मग वर्ष गेलं.

यंदा जूनमध्ये पुन्हा चिखल झाला आणि माझ्या डोक्यात आलं की ग्राऊंडवर जाता येत नाही तर वर्गात बसून तयारी करू. गेल्या वर्षीच्या सामन्याचा व्हिडिओ माझ्याकडे होता. वडापच्या टपावर चढून एका नववीतल्या पोराने अख्खा सामना माझ्या फोनवर काढला होता. टपावर का? तर जमिनीवरून काढलेल्या व्हिडिओत नुसते पाय दिसतात. कोण कुठे उभा आहे, दोघांत अंतर किती आहे, मोकळी जागा कुठे आहे, हे दिसायला उंची लागते. दुसरी गोष्ट म्हणजे बॉलच्या मागे फोन फिरवायचा नाही. निम्मं तरी मैदान चौकटीत राहिलं पाहिजे, कारण बघायचं असतं ते बॉल नसलेल्या पोरांकडे. एवढं ज्ञान मी यूट्यूबवरून मिळवलं होतं. वडाप आमच्या राखीव पोरांच्या बरोबर मागे उभी होती, हेही इथे सांगून ठेवतो. पुढे कामाला येईल.

आधी थोडं इकडचं तिकडचं.

आमच्या लहानपणी सामन्याचा व्हिडिओ ही भानगडच नव्हती. पाटाकडील विरुद्ध प्रॅक्टिस किंवा शिवाजी विरुद्ध दिलबहार झाला की रात्री कट्ट्यावर तो पुन्हा खेळला जायचा, आणि प्रत्येक कट्ट्यावर निकाल वेगळा लागायचा. ऑफसाईड होता की नव्हता यावर चुलते-पुतणे वर्षानुवर्षं भांडलेत. गंमत म्हणजे सगळेच प्रामाणिक होते. जे आठवतं तेच सांगत होते. आता शाहू स्टेडियमवरचे सामने फोनवर बघायला मिळतात, तरी भांडणं आहेतच म्हणा!

पण ही गोष्ट फक्त पेठेतल्या माणसांची नाही. १९८६ साली इयन फ्रँक्स आणि गॅरी मिलर या दोघांनी एक अभ्यास केला. फुटबॉल शिकवणाऱ्या लोकांना खेळ दाखवला आणि नंतर त्यात काय काय घडलं ते विचारलं. निम्म्याहूनही कमी गोष्टी त्यांना बरोबर सांगता आल्या. म्हणजे आपण 'मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं' असं ठणकावून सांगतो, त्यातलं निम्मं बाद.

आणखी एक उदाहरण देतो. २०१७ ची सतरा वर्षांखालची विश्वचषक स्पर्धा आपल्याकडे झाली. आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, त्यामुळे इकडे वातावरण वेगळंच. ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला जिक्सन सिंगने कॉर्नरवर हेडर मारला. भारताचा विश्वचषकातला पहिला गोल! तो हेडर सगळ्यांना आठवतो. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने गोल करून सामना जिंकला, तो गोल कसा झाला हे माझ्या वर्गातल्या एकालाही सांगता आलं नाही. मलाही नाही. आनंदात होतो ना सगळे.

असो. तर एका रात्री, धो धो पाऊस, लाईट गेलेली, फोनची बॅटरी चाळीस टक्के, असा मी आमच्या सामन्याचा व्हिडिओ बघायला बसलो. वही-पेन घेऊन. पोरांना दाखवायला तीन-चार तुकडे काढायचे होते. त्यांचा कॉर्नर दरवेळी जवळच्या खांबाकडे येतो, हे एक सापडलं. त्यांचा दहा नंबर कायम डाव्या पायावरच बॉल घेतो, हे दुसरं. मजा येत होती. मग गोल आला. मी बारा सेकंदांचा तुकडा कापला. त्यांचा पोरगा मोकळ्या जागेतून पळतोय, आमचा दोन नंबर लांबून मागे पळत येतोय, गोल. वहीत लिहिलं, 'राईट बॅक जागा सोडतो.'

मग सहज, खरंच सहज, थोडं मागे जाऊन बघितलं. तर त्याच्या आधी अर्धा मिनिट एक आवाज येत होता. जवळून, मोठ्याने. "दोन नंबर, वर जा! वर! अरे उभा काय राहिलास, वर जा की!" तीनदा.

तो आवाज माझा होता.

वडाप आमच्या मागे होती हे सांगितलं ना वर. फोनने मैदान टिपलं तसं मलाही टिपलं होतं. मला यातलं काहीही आठवत नव्हतं. अगदी शपथेवर सांगितलं असतं की मी त्याला वर पाठवलं नाही. मी पुन्हा पुन्हा बघितलं. माझं ऐकून पोरगं वर गेलं, बॉल मध्येच गेला, आणि मग तो परत फिरला. त्या सगळ्या चौकटीत सगळ्यात जोरात कोण पळत असेल तर तोच. त्या वेळी ते मला दिसलं नाही, कारण मी बॉलकडे बघत होतो. आणि एक बॅक वर गेला की मधल्याने सरकून त्याची जागा घ्यायची असते, ते आमच्या मधल्याने केलं नाही. का केलं नाही? त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवणार कोण? मी.

आता खरं सांगतो. माझ्या मनात पहिला विचार आला तो आवाज बंद करून दाखवायचा. दुसरा विचार आला की बारा सेकंदांचा तुकडा आहेच की, तोच दाखवू, त्यात आवाज नाहीच. खोटं काहीच नाही त्यात. व्हिडिओ खोटं बोलत नाही असं आपण म्हणतो, पण तो कुठून सुरू करायचा हे माणूस ठरवतो. बाराव्या सेकंदापासून बघितलं तर चूक पोराची. चाळिसाव्या सेकंदापासून बघितलं तर मास्तराची.

दोन दिवस मी काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी रविवार होता. गाडी काढली आणि विशाळगडाच्या बाजूला त्याच्या गावाला गेलो. भाताची रोपलावण चालू होती. आजीने बसायला घोंगडं टाकलं, "च्या घ्या सर" म्हणाली आणि त्याला शेतातून हाक मारली. तो गुडघ्यापर्यंत चिखलात भरलेला आला. मी फोन पुढे केला आणि चाळीस सेकंद आवाजासकट दाखवले.

"बघितलास?" मी म्हणालो. "मी ओरडत होतो. तू माझं ऐकलंस. चूक माझी होती."

"मला म्हाईत हुतं की सर," तो म्हणाला. "मला तवाच ऐकू आलतं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जसा काही मी फार अवघड प्रश्न विचारलाय. "तुम्ही सर हाईसा," म्हणाला.

यावर काय बोलणार? मी चहा प्यालो. तेवढ्यात त्याने फोन माझ्या हातातून घेतला, ओलं बोट शर्टला पुसलं आणि व्हिडिओ पुन्हा मागे नेला. "पण हितं बघा की सर. सहा नंबर मोकळा हुता. मी त्येला दिला असता तर बॉल गेलाच नसता. मी मान वर केलीच न्हाई." हे मला इतक्या वेळा बघूनही दिसलं नव्हतं. त्याची चूक होतीच, पण मी सांगत होतो ती नव्हे. आणि ती त्याने स्वतः शोधली होती, कुणी बोट न दाखवता.

सोमवारी मी वर्गात प्रोजेक्टरवर ते चाळीस सेकंद आवाजासकट लावले. आधी एकदम शांतता. मग मागून कुणीतरी माझ्यासारखाच आवाज काढून "वर जा की!" म्हणालं आणि अख्खा वर्ग हसला. मीही हसलो. कान गरम झाले होते, ते प्रोजेक्टरच्या अंधारात दिसले नसावेत. दोन नंबर मागच्या बाकावर होता. मी सांगितलं की वडापमध्ये मी बोललो ते चुकीचं होतं. एवढंच. भाषण केलं नाही.

त्या दिवसापासून गंमत झाली. पोरं स्वतःहून "सर, थांबवा थांबवा" म्हणायला लागली. मी इथे चुकलो, माझी जागा इथे नको होती. आधी चूक दाखवली की मान खाली जायची. आता चूक सापडली की हात वर जातो. दिवसाला तीन तुकडे, पंधरा मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. उरलेल्या वेळात व्हरांड्यात बाटल्यांची बुचं मांडून 'एक वर गेला की दुसरा सरकतो' याची उजळणी.

मार्सेलो बिएल्सा हा तेव्हा लीड्सचा प्रशिक्षक होता. जानेवारी २०१९ मध्ये डर्बीच्या सरावावर माणूस पाठवल्याचा बोभाटा झाला, तेव्हा त्याने पत्रकारांना बोलावून आपला सगळा अभ्यासच दाखवला. डर्बीचे ५१ सामने, प्रत्येकाला चार तास. म्हणजे दोनशे तासांवर! आणि एवढं करून तो म्हणाला काय, तर याने सामना जिंकता येतो असं नाही, पण केलं नाही तर मनाला अपराधी वाटतं. पूर्वी मला हे विनोदी वाटायचं. आता वाटत नाही. माझे दोनशे तास नाहीत, चाळीस सेकंद आहेत. पण ते न दाखवता राहिलो असतो तर काय वाटलं असतं, हे मला कळलंय.

जिल्हा फेरी पुढच्या आठवड्यात आहे. गेल्या वर्षीचीच शाळा पुन्हा समोर येईल असं दिसतंय. त्यांचा दहा नंबर यंदाही असेल तर त्याला उजव्या पायावर ढकलायचं ठरलंय. जिंकू की नाही सांगता येत नाही, बांबवड्याचा वडापाव आहेच. दोन नंबरचा शर्ट मात्र त्याच्या मालकाकडे परत गेलाय.

वडाप कुठे उभी करायची यावर काल चर्चा झाली. मी म्हणालो, यंदा पलीकडच्या बाजूला लावू, उजेड चांगला मिळतो. पोरं एका सुरात म्हणाली, "न्हाय सर. तुमच्या मागंच."